सतरा नंबरचा दगड

"थांबा काका, घासू नका!"

नव्या बाई ओरडल्या तेव्हा मोजणीदाराचा ब्रश दगडाला टेकलाच होता.

ओढ्यातले बोटभर मासे मोजणं हे त्याचं एकवीस वर्षांचं काम. चाळीस दगडांवर आकडे रंगवलेले. दगड उचलायचा, खाली किती मासे ते वहीत लिहायचं, दगड परत ठेवायचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी आकडे पुन्हा रंगवायचे, हा कार्यालयाचा नियम. रंगवण्याआधी दगड खालूनसुद्धा लख्ख घासायचा, ही मात्र त्याची स्वतःची भर. टापटिपीचं भारी वेड! बायको म्हणायची, "तुमचे मासेसुद्धा पाय पुसून घरात शिरत असतील."

अभ्यासाला आलेल्या बाईंनी दगड उलटा केला. खाली मोहरीएवढे पिवळसर दाणे चिकटले होते.

"ही अंडी आहेत, काका."

"अंडी? ही तर घाण... दरवर्षी असते."

"दरवर्षी घालतात ना! मादी घालून जाते, राखतो बाप. खात नाही, हलत नाही. पिल्लं निघेपर्यंत परांनी वारा घालत बसतो."

मोजणीदाराचं डोकं चालेना. पहिल्या वर्षी दोनशे मासे होते, यंदा अकरा. मासे संपत चाललेत, काहीतरी करा, म्हणून साहेबांच्या मागे लागलेला तोच. आणि ब्रश घेऊन उभा असलेलाही तोच.

"म्हणजे मीच संपवले?"

"तसं कसं म्हणता? वरची झाडं तुटली, पाणी तापतं, गाळ येतो..."

"पण मीही?"

बाईंनी हातातला दगड अलगद जागेवर ठेवला. "किती तुमच्यामुळे, किती पाण्यामुळे, ते आता नाही सांगता येणार."

तेच त्याला जड गेलं. तूच, असं कुणी तोंडावर म्हटलं असतं तरी चाललं असतं. निदान रडता आलं असतं.

मग त्याला सतरा नंबर आठवला. तो त्याने सकाळीच घासून ठेवला होता. तो धडपडत तिथे गेला, गुडघ्यांवर बसला आणि पाण्याला गाल लावून त्याने दगडाखाली पाहिलं.

खाली एक मासा होता. दगडाच्या खालच्या लख्ख, रिकाम्या अंगाला तो परांनी वारा घालत होता. क्षणभर थांबायचा, पुन्हा घालायचा.

"किती आहेत?" मागून बाईंनी विचारलं.

"एक," तो हळूच म्हणाला, आणि हातातला ब्रश त्याने पाठीमागे लपवला.