माती की थुंकी

मी दातांचा डॉक्टर. लोकांची तोंडं उघडी ठेवून पोट भरतो. घरी मात्र स्वतःचं तोंड बंद ठेवण्यातच माझं भलं असतं, कारण माझी बायको आणि माझी धाकटी बहीण एकाच संशोधन संस्थेत, एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या खोल्यांत काम करतात.

बायको वाळवीचा अभ्यास करते. बाकीचं जग जिच्यावर औषधं फवारतं, तिला ही काचेच्या पेटीत ठेवून खायला घालते. बहिणीचा विषय भेगा. ओली माती वाळताना भेग कुठे पडते, कुठे वळते, किती खोल जाते, हे ती पंधरा वर्षं मोजते आहे. घरात तिला आम्ही बारकी म्हणतो. जन्मली तेव्हा जेमतेम दोन किलोची होती, म्हणून ते नाव पडलं. पुढे ती माझ्याही डोक्यावरून उंच गेली, पण नाव काही वाढलं नाही. संस्थेत मात्र दोघी एकमेकींना अगदी अदबीने 'मॅडम' म्हणतात. घरी आल्या की वहिनी आणि बारकी, आणि मग शब्दाला शब्द.

भांडणाचं मूळ साधं आहे. वाळवी भिंतीवर मातीचे बोगदे बांधते, ते तुम्ही पाहिले असतील. ती ओली माती वाळते, पण तिला सहसा तडा जात नाही. का? बायको म्हणते, वाळवीच्या लाळेमुळे. बारकी म्हणते, लाळेचं काही कौतुक सांगू नकोस. वाळवी बारीक आणि जाड कण असे निवडून बसवते की भेगेला पुढे जायला वाटच मिळत नाही. हे कोडं सुटलं तर भट्टी न लावता, सिमेंट न घालता भिंतीच्या विटा करता येतील, एवढं मात्र दोघींना मान्य आहे. पण सोडवायचं तर यंत्रं हवीत, माणसं हवीत, म्हणजे निधी हवा. आणि निधी काही मिळत नव्हता.

एका रविवारी दोघींनी जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे एकेक पत्र टाकलं. बायकोचा अर्ज दुसऱ्यांदा नाकारला गेला होता, बारकीचा चौथ्यांदा.

"वाच, दादा. वाच आणि सांग, ही माणसं डोळे मिटून परीक्षण करतात की नाही!"

मी वाचलं. बायकोच्या पत्रात होतं, निरीक्षण उत्तम, मोजमाप कच्चं. बारकीच्या पत्रात होतं, मोजमाप निर्दोष, पण या सगळ्याचा उपयोग काय ते कळत नाही. दोन्ही पत्रं मी शेजारी शेजारी ठेवली आणि नको ते बोलून गेलो.

"मग दोघी मिळून एकच अर्ज का नाही करत?"

बायकोने चमचा खाली ठेवला. बारकी म्हणाली, "दादा, तू सूप पी. गार होतंय."

पुढचे आठ दिवस तो विषय निघाला नाही. मग संस्थेत एक परिपत्रक आलं. मोठा निधी, तीन वर्षांचा, पण प्रत्येक संस्थेकडून एकच अर्ज. दोघी संचालकांकडे गेल्या. ते म्हणाले, "तुमचं तुम्ही ठरवा," आणि हात झटकून चहा प्यायला निघून गेले. त्या संध्याकाळी बारकी आमच्याकडे आली, बूट न काढताच टेबलाशी बसली आणि म्हणाली, "वहिनी, एकत्र करायचं का? तुझी कल्पना बरी आहे."

"माझी कुठली? तुझीच ना?" बायको म्हणाली.

कल्पना माझी होती. मी सूप पिण्याचं धोरण चालू ठेवलं.

तीन आठवडे आमचं जेवणाचं टेबल त्यांच्या ताब्यात होतं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. बायकोने लिहायचं, 'वाळवीचं हे अद्भुत बांधकाम'. बारकीने लाल पेन उचलायचं.

"अद्भुत म्हणजे किती मिलिमीटर?"

"आणि हे तुझं पान वाचताना घशाला कोरड पडते, त्याचं काय?"

"कोरडंच असतं विज्ञान."

"म्हणूनच चार वेळा परत आलीस."

असं सगळं. पण खरं घोडं अडलं ते मुख्य वाक्यावर. लाळ लिहायचं की कण? दोघी मागे हटेनात. शेवटी त्यांनी एक वाक्य तयार केलं, 'लाळ आणि कणरचना या दोहोंच्या संयुक्त परिणामातून कदाचित काही उलगडा होऊ शकेल.' मी ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा माझ्या हाताला काहीच लागलं नाही.

सारांश सामान्य माणसाला कळला पाहिजे, अशी अर्जाची अट होती. सामान्य माणसं माझ्याकडे रोज येतात आणि खुर्चीत आडवी झाली की पळूनही जाऊ शकत नाहीत. एका गवंड्याची दाढ भरायची होती. मसाला सुकेपर्यंत मी त्याला तो सारांश वाचून दाखवला. तोंडात कापूस असल्यामुळे त्याने शांतपणे ऐकलं. चूळ भरल्यावर म्हणाला, "डॉक्टर, भिंतीचं आहे म्हणून विचारतो. माती की थुंकी? नक्की कशाने धरतं, ते काही यात येत नाही."

मी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं.

"परीक्षकांना कळता कामा नये," बायको हळूच म्हणाली, "की आपलं दोघींचं पटत नाही."

"अजिबात नाही," बारकी म्हणाली. तीन आठवड्यांत ती पहिल्यांदाच वहिनीशी सहमत झाली होती.

मुदत शुक्रवारी पाचची. चार वाजून वीस मिनिटांनी संगणकाने अर्ज घ्यायला नकार दिला. फाइल फार मोठी झाली होती, कारण वाळवीचे अकरा फोटो. बायको एकेक फोटो काढत गेली. सात काढले, आठ काढले, तरी थोडक्यात अडत होतं. उरलेल्यांत वाळवीच्या राणीचा एक फोटो होता. तो मिळवायला तिने एक अख्खा उन्हाळा घालवला होता. तिचं बोट माऊसच्या बटणावर थांबलं. बारकीने माऊस तिच्या हातातून घेतला आणि स्वतःचा सगळ्यात मोठा आलेख उडवला.

"राणी राहू दे," ती म्हणाली, आणि अर्ज गेला.

दोन महिन्यांनी मुलाखतीचं पत्र आलं. एकशे त्रेचाळीस अर्जांतून वीस निवडले होते. मुलाखत पडद्यावर होती, आणि नेमकं संस्थेत विजेच्या तारा बदलण्याचं काम निघालं होतं, म्हणून पुन्हा आमचंच टेबल. मी दवाखाना सकाळपुरता बंद ठेवला, दाराची घंटा काढून ठेवली आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसलो. दार उघडंच होतं. दोघी एका लॅपटॉपपुढे खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. बारकी उंच म्हणून तिच्यासाठी वेताची बुटकी खुर्ची ठेवली होती.

समितीत पाच जण होते. अध्यक्षबाई पांढऱ्या केसांच्या, चष्मा कपाळावर. पहिली दहा मिनिटं छान गेली. दोघी आळीपाळीने बोलत होत्या, 'मॅडम म्हणाल्या त्याप्रमाणे' वगैरे. माझा जीव भांड्यात पडला. मग अध्यक्षबाईंनी विचारलं, "समजा, तुमच्या अपेक्षेपेक्षा उलटा निष्कर्ष आला, तर?"

"उलटा येणं शक्यच नाही," बायको म्हणाली. "लाळ नसेल तर भिंत उभी राहत नाही."

"शक्य नाही कसं?" बारकी म्हणाली. "मॅडम, लाळ फक्त ओलावा धरते. खरं काम कणांचं आहे."

"तीन वर्षं मी त्या पेट्यांपुढे बसले आहे, मॅडम."

"बसून भेग कळत नाही. मोजावी लागते."

"बारके, तू थांब जरा!"

"मी का थांबू? वहिनी, तुझ्या वाळवीला नुसती भरड रेती दे आणि हवी तेवढी लाळ गाळू दे. पहिल्याच दिवशी तडा जाईल!"

"आणि तू तुझे कण चाळून, निवडून, साध्या पाण्यात कालवून लाव. दुपारपर्यंत टिकलं तर नाव बदलून ठेव माझं!"

स्वयंपाकघरात मी भांडी पुसायचं फडकं दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो होतो.

"बारके?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"ही माझी नणंद आहे," बायको पडेल आवाजात म्हणाली. "नवव्या पानावर लिहिलं आहे, नात्याच्या रकान्यात."

कागद चाळल्याचा आवाज आला. "आहे खरं," कोणीतरी म्हणालं.

अध्यक्षबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आत्ता तुम्ही दोघींनी एकेक प्रयोग सांगितलात. ते अर्जात का नाहीत?"

बारकी म्हणाली, "ते लिहिले असते तर आमचं पटत नाही, हे तुम्हाला कळलं असतं."

"अहो, बारा पानं वाचून मला हेच कळत नव्हतं की तुम्हाला शोधायचंय तरी काय," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आता कळलं. सहा मिनिटं उरली आहेत. सांगा, यातला कुठला प्रयोग आधी कराल?"

"दोन्ही एकाच दिवशी," दोघी एकदमच म्हणाल्या.

आणि त्या सुटल्या. बारकीने विजेच्या बिलाच्या पाकिटावर आकृती काढून कॅमेऱ्यापुढे धरली. बायको किती वाळवी, किती रेती, किती दिवस ते बोटांवर मोजून सांगत होती. एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती, मध्येच खोडतही होती. वेळ संपल्याची सूचना आली तेव्हा समितीतले दोघे पुढे वाकून ते पाकीट वाचत होते.

पडदा काळा झाला. "गेलं," बारकी म्हणाली.

"माझ्यामुळे गेलं. मी तुला बारके म्हणाले."

"छे, माझ्यामुळे. मी आधी तोंड उघडलं."

यावरही त्यांचं अर्धा तास वाजलं. मी चहा केला.

पुढचे तीन आठवडे दोघी इतक्या गोडीने वागत होत्या की मलाच काळजी वाटू लागली. मग एका मंगळवारी, मी एका आजोबांचे दात घासत असताना, फोन वाजला. बायको होती, पण नुसतीच हुंदके देत होती, हसत होती की रडत, ते समजेना. फोन ओढल्याचा आवाज झाला.

"दादा, मिळालं! सहा जणांत आलो आम्ही! वरून अट घातली आहे, ते दोन्ही प्रयोग तीस दिवसांत लिहून द्यायचे!"

मी आजोबांना बातमी सांगितली. तोंडात नळी असल्यामुळे ते 'आँ, आँ' एवढंच म्हणाले. मी ते अभिनंदन समजलो आणि त्यांच्याकडून त्या दिवशी पैसे घेतले नाहीत.

चार महिन्यांनी मला संस्थेत बोलावणं आलं. समोरासमोरच्या दोन खोल्यांमधला सामानाचा बोळ त्यांना मिळाला होता. तिथे नवं यंत्र, नवे दिवे आणि फळीवर वीतभर उंचीच्या बारा भिंती. सहा वाळवीने भरड रेतीत बांधलेल्या, सहा बारकीने कण निवडून पाण्यात कालवलेल्या. मी वाकून पाहिलं. बाराच्या बारा भिंतींना तडे गेले होते.

मी सांत्वनाचा चेहरा करून वळलो, तर दोघी आनंदाने नुसत्या फुलल्या होत्या.

"बघ दादा," बारकीने माझ्या हातात भिंग दिलं. "लाळेच्या भिंतीत तडा सरळ खाली गेलाय. माझ्या भिंतीत बघ, कसा वळत वळत अर्ध्यावर थांबलाय."

"पण तुझ्या भिंतीचा हाताला भुगा लागतो आणि माझी घट्ट आहे," बायको म्हणाली. "म्हणजे बारके, दोन्ही एकत्र केलं तर..."

"बोलू नकोस. आधी मोजू दे."

बायकोने दिवा जवळ धरला, बारकी पट्टी घेऊन वाकली आणि आकडे सांगू लागली, बायको ते वहीत उतरवू लागली. मी आहे हे दोघीही विसरल्या. थोडा वेळ थांबून मी भिंग हळूच फळीवर ठेवलं आणि जिना उतरलो. दुपारी मला दोन अक्कलदाढा काढायच्या होत्या.