उजवा कान उघडा ठेवून

मी दुसरा भाग बोलतोय. कशाचा दुसरा, हे सांगायची पाळी येते तिथेच माझं दुखणं सुरू होतं. माझ्या थोरल्याला असं कोणी विचारत नाही. तो नुसता 'तो गेम' असतो.

आम्ही दोघं भीतीचे व्हिडिओ गेम. खेळणाऱ्याला पडद्यावर स्वतःचे दोन हात, हातातली बंदूक आणि समोरचा अंधार एवढंच दिसतं. जागा म्हणजे एक बंद पडलेला धुलाई कारखाना. ओळीने टांगलेल्या चादरी, आणि त्यांच्यामागे कुठेतरी ओला माणूस. थोरल्याने त्याला शेवटपर्यंत दाखवलंच नाही. नुसते त्याच्या अंगावरून गळणारे थेंब ऐकवले. बंदुकीत गोळ्याही बेताच्याच. लोक खुर्चीवर पाय वर घेऊन बसायचे म्हणे.

माझ्या जन्माच्या वेळी घरात सुबत्ता होती. धाकट्याचे लाड व्हायचेच. थोरल्यात गोळ्या पुरत नाहीत अशी तक्रार होती, म्हणून मला पोती भरून गोळ्या दिल्या. ओला माणूस नीट दिसत नाही अशीही होती, म्हणून माझ्यात तो पहिल्याच प्रसंगात दिव्याखाली येऊन उभा राहतो, ओळखपत्राचा फोटो काढून घेत असल्यासारखा. मी दिसायला देखणा आहे, हे सगळे कबूल करतात. देखण्या मुलाबद्दल लोक हेच आधी बोलतात, आणि मग जरा थांबतात.

माझ्यातली एक गोष्ट मात्र बावनकशी. माझे आवाज ज्या बाईंनी केले त्यांनी खऱ्या चादरी भिजवून टांगल्या, त्यांचे थेंब टिपले आणि असे बसवले की हेडफोन लावल्यावर थेंब कुठे पडतोय ते नेमकं कळावं. डावीकडे टपकलं की तो डावीकडे.

बाजारात येण्याआधीच मी परीक्षणासाठी एका घरी पोचलो. तिथली आई एका संकेतस्थळासाठी गेमबद्दल लिहायची. बाळंतपणानंतरचं तिचं हे पहिलंच काम. संपादकाने फोनवर सांगितलं होतं, चांगलं काय, वाईट काय, स्पष्ट लिही. आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, "जमेल ना अजून?" त्या 'अजून'ने तिची झोप उडाली. तशी ती फारशी शिल्लक नव्हतीच.

दुपारी बाळ झोपलं की पडदे ओढून ती बसायची. बाळाला, म्हणजे लेकीला, तिचा बाप भोंगा म्हणतो, आणि उगीच म्हणत नाही. खोलीत दोरीवर दुपटी वाळत असायची. ती हेडफोन चढवायची, पण उजवा कान मोकळा ठेवून. तो कान भोंग्यासाठी राखीव.

तिथेच सगळा घोळ झाला. उजवीकडचे थेंब तिला ऐकूच येईनात. ती डोळे फाडून डावीकडे बंदूक रोखून उभी, आणि ओला माणूस उजवीकडून येऊन तिचा निकाल लावून जायचा. गोळ्यांची पोती तशीच भरलेली. एकदा पंख्याच्या वाऱ्याने दोरीवरचं दुपटं हाललं, तर ती खुर्चीवरून उठून दारापाशी पोचली होती.

तिने लिहून टाकलं, 'पहिल्या भागापेक्षा कितीतरी भयंकर.' मी हवेत तरंगायला लागलो. धाकट्याला जन्मभर ऐकायचं असतं ते हेच वाक्य.

पण ती ते पाठवेना. दहादा वाचायची, पुसायची, परत लिहायची. संध्याकाळी तिने दुपट्यांच्या घड्या घालणाऱ्या नवऱ्याला विचारलं, "हा गेम भीतीदायक आहे, की मीच भित्री झालेय?"

तो म्हणाला, "काल तू वॉशिंग मशीनलाही 'कोण आहे?' विचारलंस. त्या बिचाऱ्या गेमचं काय सांगू?"

तो हसला. तिला हसू आलं नाही. एवढंही ओळखता येत नसेल, तर संपादकाच्या 'अजून'चं उत्तर मिळाल्यातच जमा होतं.

दुसऱ्या दिवशी तिने नणंदेला बोलावून घेतलं. नणंद भोंग्याला खांद्यावर टाकून शेजारच्या खोलीत गेली आणि तिथूनच म्हणाली, "वहिनी, मी आहे ना. दोन्ही कान झाक."

तिने झाकले. आणि माझं पितळ उघडं पडलं. थेंब कुठून येतोय ते आता तिला आधीच कळत होतं. ओला माणूस यायचा, ती वळायची, गोळ्या झाडायची, पुढे जायची. थोड्या वेळाने तर तिला जांभई आली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्या जांभईने मला शिकवलं.

मग आली माझी शेवटची खोली. रिकामी. थेंब नाही, पाऊल नाही, काही नाही. ती थबकली. हेडफोन ओरबाडून काढला आणि शेजारच्या खोलीत धावली.

भोंगा आत्याच्या खांद्यावर गाढ झोपलेला. नणंद हळूच म्हणाली, "अगं, रडली नाही ती."

"म्हणून तर आले," ती म्हणाली.

परत येऊन तिने आधीचं सगळं पुसलं. नवं लिहिलं ते सरळ होतं. आवाज अप्रतिम, चित्रं सुंदर. गोळ्या इतक्या की भीती वाटायला कारणच उरत नाही. ओला माणूस पहिल्याच भेटीत ओळखीचा होऊन बसतो. खाली तिने हेही टाकलं, 'पहिल्यांदा मी एक कान उघडा ठेवून खेळले; ती भीती माझ्या घरची, तिचं श्रेय गेमला नको.' आणि शेवटी, 'अखेरच्या खोलीत काहीच नाही. ही चूक की हुशारी, मला ठरवता आलं नाही. मला हल्ली शांततेचीच जास्त भीती वाटते.'

पाठवलं. संपादकाने एक शब्द बदलला नाही, आणि पुढचं काम कधी घेशील म्हणून विचारलं. या वेळी 'अजून' नव्हतं.

तुम्हाला म्हणून सांगतो, ती चूकच होती. वेळ संपत आला होता, त्या खोलीत आवाज बसवायचे राहून गेले. माझ्या पोतीभर गोळ्यांना जे जमलं नाही ते त्या राहून गेलेल्या कामाने केलं. म्हणून मला बनवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: तिसरा होणार असेल, तर त्याला थोडं कमी द्या.

ती आता दुसऱ्या गेमवर लिहितेय. मी अजून तिच्या संगणकात आहे, एका कोपऱ्यात, त्यानंतर कोणी न उघडलेला. माझी तक्रार नाही. फक्त, बराच वेळ माझा आवाज आला नाही, तर एकदा डोकावून जा.