मामा गप्प झाले तेव्हा

मित्रांनो, तुमचा विश्वास बसणार नाही, पण ज्या माणसाला जन्मात कधी भीती शिवली नाही, त्याचे पाय मी वर्षानुवर्षे अंगावर वागवले आहेत. मी एक जुनी लाकडी शिडी आहे आणि माझे मालक रंगारीमामा. सुताराने मला घडवले तेव्हा मी इतकी उंच होते, की मला टेकवायचे म्हटले तर ढग बाजूला सरकत. पुढे झिजले, म्हणून आज एवढीशी दिसते.

मामांची थट्टा डोळे उघडायच्या आधी सुरू होई. रंग फिका आला अशी कोणी कुरकुर केली, की ते म्हणत, भिंत तुम्हाला बघून पांढरी पडली आहे, ओळख झाली की रंग चढेल. कामाआधी ब्रशच्या दांड्याने भिंती-छत ठोकायचे आणि विचारायचे, “कोण आहे का घरात?” आवाज भरीव आला, की स्वतःच बारीक आवाजात उत्तर द्यायचे, “आहे, आहे, या वर.”

एका घरी सकाळपासून हा खेळ ऐकून पलीकडच्या खोलीतल्या आजी खुदुखुदु हसत होत्या. पाय मोडल्याने त्या खाटेला खिळलेल्या. त्यांच्या मुलाला भारी घाई. आईला हलवू नका, अंगावर चादर टाका आणि उरका, असे त्याने बजावले.

मामा माझ्यावर चढले. खाटेवरचे छत ठोकले. पुन्हा ठोकले. आवाज पोकळ आला. पण त्यांनी काही विचारले नाही. त्यांच्या पायाची बोटे माझ्या पायरीवर मुठीसारखी आवळली.

खाली उतरून ते म्हणाले, खाट बाहेर घ्यायची. मुलगा म्हणाला, एवढी वर्षे टिकलेले छत आजच काय पडते? आजीही हट्टाला पेटल्या. “या खोलीतून मी आता चौघांच्या खांद्यावरच निघेन.”

“चौघे कुठून आणू, आजी? आज दोघांत भागवा.”

आजी हसल्या. त्या हसत होत्या तेवढ्यात मामांनी खाटेची एक बाजू उचललीसुद्धा. मुलाला दुसरी धरावीच लागली. मागे छताचा गिलावा सुटला. मी एकटीने तो डोक्यावर तोलून धरला आणि खाट उंबऱ्याबाहेर गेल्यावरच सोडला. माझी वरची पायरी मोडली ती तेव्हा. तिला आता कोणी खिळा मारला तर मी नको म्हणणार नाही.

म्हणून सांगते मित्रांनो, सदा थट्टा करणाऱ्याला हलक्यात घेऊ नका. तो गप्प झाला, की आधी उठा, मग कारण विचारा. आमच्या मामांनी नुसते हात झटकले, म्हणाले, “घ्या, खरवडायचे काम वाचले.” अंगावरचा केसही हलला नाही त्यांचा...

“शिडीताई, खोटं बोलतेस.” ही माझ्या शेजारची पोचे पडलेली बादली. “तू तर ढिगाऱ्याखाली होतीस. मी बाहेर होते. मामा मला पालथी घालून खाटेपाशी बसले. गुडघे असे लटपटत होते, की माझी कडी वाजायची थांबेना. एक शब्द फुटला नाही त्यांच्या तोंडून. शेवटी आजींनीच हात लांब करून त्यांच्या पाठीवर टकटक केलं आणि विचारलं, ‘कोण आहे का घरात?’”