दोन हाकांचा नियम

ही गोष्ट १९८५ सालची. त्या वर्षी अमेरिकेत विमान कंपन्यांना वैमानिक मिळेनासे झाले होते, आणि एरवी ज्यांना कुणी दारात उभं केलं नसतं अशांनाही मुलाखतीला बोलावणं येत होतं. नॉर्थ डकोटाच्या मार्लिस हाउगेनला बोलावणं आलं ते असंच. सात वर्षं ती वडिलांच्या छोट्या विमानातून बिटाच्या शेतांवर औषध फवारत होती. तारांच्या खालून जायचं, झाडांच्या शेंड्यांवरून वळायचं, संध्याकाळी केसांतून औषधाचा वास जात नाही म्हणून तीनतीनदा डोकं धुवायचं. त्या वासासकट ती मुलाखतीला ओमाहाला आली.

टेबलापलीकडे तिघं बसले होते. पहिल्यानं विचारलं, "लग्नाचा काय विचार आहे?"

"का? तुमच्या बघण्यात कुणी आहे का?" मार्लिस म्हणाली.

दुसरा कागद चाळत राहिला. तिसरा टक्कल पडलेला, जाड भिंगांचा चष्मा लावलेला माणूस होता, लेलँड क्रेब्स. नव्या वैमानिकांना शिकवायचं आणि शेवटी त्यांची परीक्षा घ्यायची, हे काम त्याचं. तो म्हणाला, "कॅप्टन चुकतोय असं वाटलं, तर काय करशील?"

"सांगेन."

"ऐकलं नाही तर?"

"पुन्हा सांगेन."

"तरीही नाही ऐकलं?"

"मग माझे हात आहेत की."

क्रेब्सनं रुमाल काढून चष्मा पुसला, पण तो हसू लपवतोय हे तिला दिसलं. महिन्याभरात नोकरीचं पत्र आलं.

पहिल्या दिवशी, गणवेशाचं माप घेण्याच्याही आधी, वर्गातल्या प्रत्येकाला नंबर मिळाला. या लोकांत नंबर म्हणजे सगळं काही. कोणतं विमान मिळणार, कुठल्या गावी राहायचं, नाताळ घरी करायचा की कुठल्यातरी हॉटेलात, हे सगळं तो नंबर ठरवतो, आणि निवृत्त होईपर्यंत त्यातला क्रम बदलत नाही. वरचा कुणी गेला तरच आपण एक पायरी चढतो. एकाच वर्गातल्यांचे नंबर वयावर ठरायचे, सगळ्यात मोठा सगळ्यात वर. मार्लिस सगळ्यात लहान, म्हणजे अख्ख्या कंपनीत तिच्या खाली कुणी नाही. तिच्या लगेच वरचा रुबेन एस्कामिया टेक्सासचा. तो तिच्याहून काही महिन्यांनीच मोठा होता, पण तेवढ्यावरून त्यानं तिला सळो की पळो करून सोडलं.

"थोरामोठ्यांना आधी कॉफी द्यावी गं."

"थोरामोठ्यांनी आपल्या पायांनी उठून घ्यावी."

दोघांची जोडी लावून दिली होती. एकत्र शिकायचं, एकत्र सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली विमानात, बसायचं, एक अडला की दुसराही अडलाच. मॉटेलच्या खोलीत भिंतीवर त्यांनी कॉकपिटचं कागदी चित्र चिकटवलं होतं. त्याच्यासमोर दोन खुर्च्या मांडून ते तासन्‌तास कागदावरची बटणं दाबायचे, नसलेले दांडे ओढायचे. खोली झाडायला येणारी बाई एकदा दारातच थबकली आणि दार ओढून गेली.

"आता ती सगळ्यांना सांगणार, दोघं वेडे आहेत," रुबेन म्हणाला.

"दोघं कशाला? थोरला वेडा कोण ते तिला कळलं असेल."

क्रेब्सचा एक नियम होता आणि तो त्यानं वर्गाकडून पाढ्यासारखा घोटून घेतला. विमान चालवणाऱ्याला शेजारच्यानं ठरलेली हाक द्यायची: उंची इतकी, वेग इतका, धावपट्टी दिसली किंवा नाही दिसली. त्यानं तोंडानं उत्तर द्यायचं. मान हलवलेली चालणार नाही, बोट दाखवलेलं चालणार नाही. हाक दिली आणि उत्तर नाही, तर पुन्हा द्यायची. दुसऱ्यांदाही उत्तर नाही, तर?

"तर तो मेला," वर्ग एका सुरात म्हणायचा.

"मेला, बेशुद्ध पडला, नाहीतर झोपला," क्रेब्स म्हणायचा. "कारण विचारत बसायचं नाही. विमान आपल्या हातात घ्यायचं. बसल्या जागी हृदय थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. डोळे उघडे असतात, चेहरा अगदी नेहमीसारखा असतो."

नाश्त्याच्या टेबलावर याचा खेळ झाला. मार्लिस म्हणायची, "रुबेन, पाक इकडे दे." तो तोंडात घास असल्यामुळे गप्प. "रुबेन, पाक." गप्प. मग ती त्याची पॅनकेकची बशीच ओढून घ्यायची. "माझ्याकडे आलं," असं गंभीरपणे सांगायची आणि खाऊन टाकायची.

पण हसण्याखाली एक धाकधूक असायची. पहिलं वर्ष कच्चं. त्या वर्षात कुणालाही कारण न देता घरी पाठवता येत होतं, आणि वैमानिकांच्या संघटनेचा माणूस मध्ये पडू शकत नव्हता. मार्लिसचे वडील, आर्विड, दर रविवारी फोनवर म्हणायचे, "तुझं विमान मी ताडपत्रीनं झाकून ठेवलंय. काळजी करू नकोस." ते मायेनं म्हणायचे. तिला मात्र ती ताडपत्री डोळ्यांसमोर दिसायची, आणि फोन ठेवल्यावर ती दुप्पट वेळ कागदी कॉकपिटसमोर बसायची.

शेवटच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी रुबेन पडलेल्या चेहऱ्यानं जेवायला आला.

"उद्या डाव्या, कॅप्टनच्या खुर्चीत कोण बसणार, कळलं?"

"कोण?"

"स्ट्राउड."

हार्लन स्ट्राउड हा कंपनीतल्या अगदी वरच्या नंबरांपैकी एक. हात असा, की विमान टेकलेलं प्रवाशांना कळायचं नाही. पण बाईमाणूस शेजारी बसलं की तो पूर्ण उड्डाणभर एक शब्द बोलायचा नाही. काही हवं असेल तर बोट दाखवायचा. आधीच्या वर्गात जॉइस कुबिक म्हणून एक मुलगी होती, हुशार, सहा वर्षं विद्यार्थ्यांना विमान शिकवलेली. तिच्या परीक्षेतही डाव्या खुर्चीत स्ट्राउडच होता. त्याच्या उत्तराची वाट बघत ती थांबली, थांबता थांबता मागे पडली, आणि नापास होऊन घरी गेली.

"ऐक माझं," रुबेन म्हणाला. "तो बोलला नाही तर नाही. तू आपलं काम कर, मान खाली घाल. दीड-दोन तासांचा प्रश्न आहे."

"जॉइसनं काय केलं होतं?"

"मान खाली घातली होती," रुबेन म्हणाला, आणि मग त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सिम्युलेटरच्या बाहेरच्या खोलीत स्ट्राउड कॉफी पीत उभा होता. उंच, पिकलेले केस, बुटांना आरशासारखी चकाकी. मार्लिसनं हात पुढे केला. त्यानं कपाकडे पाहिलं.

"कॅप्टन, माझ्या हाकांना तुम्ही तोंडी उत्तरं द्याल ना?" तिनं विचारलं.

स्ट्राउड क्रेब्सकडे वळला. "लेलँड, तिला म्हणावं तुझं काम कर."

क्रेब्सनं चष्मा पुसला. या वेळी तो हसत नव्हता.

रुबेनची परीक्षा आधी झाली. स्ट्राउड त्याच्याशी छान बोलला, हवापाण्याच्या गप्पाही झाल्या. रुबेन पास झाला आणि मागच्या बाकड्यावर बसला. क्रेब्स त्याच्या शेजारी, यंत्राच्या बटणांपाशी. कंट्रोल टॉवरचा आवाजही तोच काढायचा. मार्लिस उजव्या खुर्चीत आली.

धावपट्टीवर ऐन वेगात असताना क्रेब्सनं एक इंजिन बंद पाडलं. विमान तिच्या हातात होतं. ते एका बाजूला ओढू लागलं तसा तिनं पाय दाबून धरला आणि वर नेलं. फवारणीच्या विमानानं तिला याहून वाईट खोड्या दाखवल्या होत्या. आगीची घंटा वाजली, तीही तिनं निभावली. मग क्रेब्सनं इंजिन परत चालू केलं आणि पुढे विमान स्ट्राउडच्या हातात गेलं. काचेबाहेर दाट धुकं. ती तपासणीची यादी वाचत होती, तो बोटं दाखवत होता. प्रत्येक बोटावर ती म्हणत होती, "कॅप्टन, ऐकू आलं नाही." मग तो यादीतला तो एक शब्द दातांतून सोडायचा, जणू पदरचं काही खर्च होत होतं.

उतरायची वेळ आली. धुक्यात एक किमान उंची ठरलेली असते. तिथवर धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाहीतर पुन्हा वर जायचं. शेजारचा हाक देतो, चालवणारा सांगतो, उतरतोय की वर जातोय.

"किमान उंची," मार्लिस म्हणाली. "धावपट्टी दिसत नाही."

स्ट्राउड गप्प. विमान खाली जात राहिलं.

"कॅप्टन, किमान उंची. धावपट्टी नाही."

तो समोर बघत होता. डोळे उघडे, चेहरा अगदी नेहमीसारखा.

मार्लिसनं दोन्ही इंजिनांचे दांडे पुढे लोटले. "विमान माझ्याकडे," ती म्हणाली, आणि नाक वर उचललं.

"काय करतेस हे?" स्ट्राउड ओरडला. त्यानं आपणहून एखाद्या वैमानिक बाईला विचारलेला बहुधा तो पहिला प्रश्न असावा.

"तुम्ही मेला आहात, कॅप्टन," मार्लिस म्हणाली. "हात काढा."

"मला दिवे दिसले होते."

"मग तसं म्हणायचं होतं. मेलेल्याला काय दिसलं ते मला कसं कळणार?" आणि तिनं टॉवरला हाक दिली, "आमचे कॅप्टन बेशुद्ध आहेत. विमान मी उतरवतेय. रुग्णवाहिका तयार ठेवा."

टॉवर म्हणजे तिच्या पाठीमागे चार हातांवर बसलेला क्रेब्स. तो खाकरून म्हणाला, "ठीक. धावपट्टी तुमच्यासाठी मोकळी आहे."

स्ट्राउडनं समोरच्या सुकाणूच्या दांड्यावरचा हात काढला नव्हता. बेशुद्ध कॅप्टनचं काय करायचं, तेही नियमात होतं: पट्टा आवळायचा, खुर्ची मागे ओढायची, म्हणजे त्याचं वजन दांड्यावर येत नाही. त्याला दुसरं माणूस लागतं.

"रुबेन," मार्लिस मागे न बघता म्हणाली. "कॅप्टनची खुर्ची मागे घे."

रुबेन पास झालेला होता. त्याला नंबर होता, टेक्सासला बायको होती, आणि कच्चं वर्ष अख्खं पुढे होतं. तो जागचा हलला नाही.

"रुबेन. खुर्ची."

ही दुसरी हाक होती. रुबेन उठला. "माफ करा हं, कॅप्टन," असं पुटपुटत त्यानं स्ट्राउडच्या खांद्यावरचा पट्टा आवळला आणि खुर्ची खाडकन मागे ओढली. मार्लिसनं धुक्यातून एकटीनं विमान आणलं आणि टेकवलं. स्ट्राउडसारखं टेकलं नाही, जरा आदळलंच. पण ते धावपट्टीच्या मधोमध होतं.

बाहेर आल्यावर स्ट्राउड थंडपणे म्हणाला, "लेलँड, हिला घरी पाठव. त्या पोराचंही बघ." आणि टोपी घेऊन चालता झाला.

क्रेब्सनं मार्लिसला खोलीत बसवलं, दार लावलं. "हे बघ, पोरी. गैरसमज झाला असं तू म्हण. त्याला दोन शब्द सॉरी म्हण. उद्या दुसऱ्या कॅप्टनबरोबर परत परीक्षा घेतो. कुणाचंच नुकसान नाही."

"माझं आहे," मार्लिस म्हणाली. "मी सॉरी म्हटलं तर नियम खोटा ठरतो. जॉइस वाट बघत राहिली, तिला तुम्ही नापास केलंत. मी वाट बघितली नाही, तर मलाही नापास करताय. मग तिसरं काय करायचं ते शिकवा. मी शिकते."

क्रेब्स खिडकीबाहेर पाहू लागला.

"मी आज पास झाले का, मिस्टर क्रेब्स?"

तो गप्प. स्ट्राउडचा नंबर, इतक्या वर्षांची ओळख, दोघांची एकत्र शिकार, हे सगळं त्या गप्प बसण्यात होतं.

"मिस्टर क्रेब्स. मी पास झाले का?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. मार्लिसनं हात पुढे केला आणि त्याच्यासमोरच्या निकालाच्या कागदावरचं पेन उचललं.

क्रेब्सनं पेनाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यांना हलका धक्का बसल्यासारखं झालं, आणि तो हसतोय हे तिला कळायला क्षणभर लागलं.

"ठेव ते," तो म्हणाला. "मी शुद्धीवर आहे. पास झालीस. उतरणं भिकार होतं, तेही लिहिणार आहे."

स्ट्राउडनं वरपर्यंत तक्रार केली. क्रेब्सनं एवढंच उत्तर पाठवलं की सहवैमानिकानं नियम पाळला, कॅप्टननं नाही. त्यानंतर स्ट्राउडला परीक्षेच्या खुर्चीत कधी बसवलं नाही. तो साठाव्या वर्षी निवृत्त झाला. शेवटच्या वर्षात तो बायकांना तोंडी उत्तरं द्यायचा म्हणतात, पण फक्त ठरलेलीच. क्रेब्सची आणि त्याची शिकार मात्र बंद झाली ती कायमची. क्रेब्स पुढे आणखी दहा वर्षं शिकवत राहिला, आणि पाढा म्हणून घेताना "तर तो मेला" यानंतर "आणि त्याला तसं सांगा" अशी एक ओळ त्यानं जोडली.

रुबेनला कुणी काही केलं नाही. तो मोठ्या विमानांचा कॅप्टन झाला, टेक्सासलाच राहिला, आणि शेवटपर्यंत मार्लिसच्या एक नंबर वर राहिला. दर नाताळला तो फोन करून तिला त्याची आठवण करून द्यायचा.

जॉइस कुबिकला क्रेब्सनं पुढच्या वसंतात परत बोलावलं. ती पास झाली, पण आधीचा नंबर गेला तो गेलाच. वयानं मोठी असून ती मार्लिसच्या खाली लागली, आणि निवृत्तीपर्यंत खालीच राहिली. जॉइस त्याबद्दल कधी बोलली नाही. मार्लिस मात्र जिथे संधी मिळेल तिथे बोलली. जॉइसला जुना नंबर मिळावा म्हणून तीनदा अर्ज केले, तिन्ही फेटाळले गेले. आजही विषय निघाला की तिचा आवाज चढतो.

आर्विडनी त्याच हिवाळ्यात ताडपत्री काढली आणि ते विमान शेजारच्या जिल्ह्यातल्या एका फवारणीवाल्याला देऊन टाकलं. तिनं विचारलं तेव्हा म्हणाले, "तुला लागणार नव्हतंच ते. मला उगाच वाटत होतं."