स्वानंदीचा चार पॉइंट एक

माझी जाऊ स्वानंदी मला आवडत नाही. ती वाईट असती तर सोपं गेलं असतं. पण ती चांगली आहे, आणि वर तिचे केस कमरेपर्यंत आहेत.

माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली, तिच्या दीड. मारतहळ्ळीत आम्ही एकाच इमारतीत राहतो, ती वरच्या मजल्यावर. मार्चमधल्या एका रविवारी जेवताना ती म्हणाली, "ऑफिसच्या चेकअपमध्ये मी एएमएचपण करून घेतला, सहज. फोर पॉइंट वन आला. चांगला असतो म्हणे."

बाईकडे किती बीजं शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी ही रक्ततपासणी. तिनं सहज केलेली, मी नवस बोलून. दोनच दिवसांपूर्वी माझा आकडा आला होता, शून्य पॉइंट तीन. मी शाळेत गणित शिकवते, हा फरक मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी तिला आणखी एक पोळी वाढली आणि आत जाऊन, नळ सोडून रडले.

घराजवळच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, स्वतःच्या बीजाची आशा सोडा, दुसऱ्या बाईचं बीज घ्या. "महानंदा, मूल तर आपलंच असेल की," माझा नवरा कृष्णात म्हणाला. त्याचं काय जातंय बोलायला! त्याचं सगळं त्याचंच राहणार होतं. मला माझ्या नाकाचं, माझ्या रंगाचं मूल हवं होतं.

शेवटी जयनगरच्या डॉक्टर शिवलीलांना दाखवायचं ठरलं. त्या बेळगावकडच्या, मराठी बोलणाऱ्या. कृष्णात इलेक्ट्रॉनिक सिटीत मीटिंगमध्ये अडकला, आणि गाडी घेऊन दारात हजर कोण, तर स्वानंदी.

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, रिपोर्ट वाचला, परत सोनोग्राफीचा कागद बघितला.

"इथं बीजाच्या पिशव्या चौदा दिसतात अक्का, आणि रक्त म्हणतंय काहीच नाही. थायरॉइडचा आकडाही उगाच खाली गेलाय. गोळ्या काय काय घेता?"

"काही नाही."

"आठवा स्वल्प. ताकदीच्या? केसांच्या?"

माझे कान तापले. स्वानंदीच्या बाथरूममधल्या बाटलीचा चोरून फोटो काढून मी तीच मागवली होती. लवकर फरक पडावा म्हणून एकाच्या जागी दोन घेत होते. मूल नाही तर नाही, निदान केस तरी तिच्यासारखे व्हावेत. आणि ती शेजारच्याच खुर्चीत बसलेली. सांगावं तर लाज जाणार, न सांगावं तर मूल.

"केसांच्या," मी म्हणाले. "हिच्याच. रोज दोन."

"अय्यो! त्यात बायोटिन असतंय. जास्त घेतलं की काही मशीनं फसतात, एएमएच आहे त्यापेक्षा कमी दाखवतात. बंद करा. आठवड्यानं परत रक्त द्या."

स्वानंदी हसली नाही. "ताई, मला सांगायचं ना, मीच आणून दिल्या असत्या," एवढंच म्हणाली. हसली असती तर परवडलं असतं.

पुढच्या वेळीही गाडी स्वानंदीचीच. नवा आकडा आला दोन पॉइंट दोन.

"चौतिसाव्या वर्षी छान आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्याच बीजावर प्रयत्न करायचा. दुसऱ्याचं कशाला?"

स्वानंदीनं मला मिठी मारली. तिचे डोळे भरून आले होते, माझे कोरडेच. मग एकदम तिला सुचलं. "डॉक्टर, पण गोळ्या तर मीही घेते. म्हणजे माझा फोर पॉइंट वनपण चुकीचा असेल?"

मी मनात म्हणाले, असू दे देवा, चुकीचा असू दे.

"असेल की," डॉक्टर म्हणाल्या. "खरा त्याहून जास्तच असेल."

महिनाभर ज्यासाठी देव पाण्यात घालून बसले होते, तो कागद माझ्या पर्समध्ये होता. स्वानंदी गाडी चालवत होती, बाळाच्या नावांबद्दल बोलत होती, आणि मी तिचा खरा आकडा किती असेल याचा अंदाज बांधत होते. सिल्क बोर्डचा सिग्नल येईपर्यंत मी तो सहावर नेला होता.