वाढणाऱ्या हातावरचा आळ

उत्कर्षाचं लग्न झालं ते १९९५ साल. लग्न वैशाखात झालं, पोरगी सुरतेला नांदायला गेली, आणि त्याच वर्षी दिवाळी सरल्यावर बडोद्यात पाणीगेटाबाहेरच्या मोकळ्या मैदानात निर्मळबापूंचा मांडव पडला. दोन महिन्यांपूर्वीच गणपतीच्या मूर्ती दूध प्यायल्याचं लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. निदान तसं ते शपथेवर सांगत होते. डोळ्यांवर विश्वास आणि डोक्याला रजा, अशी तेव्हा गावाची अवस्था होती.

गोष्ट पोटाची आहे, तेव्हा ती संडासापर्यंत जाणार. नाक मुरडणाऱ्यांनी थोडं सोसावं.

मांडवात उजाडल्यापासून रांग लागे. पुढे लाल कापडावर काचेच्या बरण्या मांडलेल्या, लोणच्याच्या असतात तशा. प्रत्येकीत वेटोळं घालून पडलेलं काहीतरी काळं, लांब, रबरासारखं. कुणी म्हणे साप, कुणी म्हणे आतड्याची कात. बापू म्हणत, करणी. अन्नातून घातलेली, पोटात वाढलेली आणि बापूंच्या भस्मानं बाहेर पडलेली. लोक बरणीजवळ वाकत आणि आपल्या पोटावर हात ठेवून मागे सरत.

"बेन, तमारा पेटमां कोई बेठुं छे," तुमच्या पोटात कुणी बसलंय, अशी बापू गुजरातीत सुरुवात करत आणि समोरचं माणूस मराठी दिसलं की मोडकं मराठी लावत. "नजर डोळ्यातून येते ते खोटं. नजर डाळीतून येते. जेवण तुमी करता, खाते ती."

"बापू, गॅसपण फार होतो," एक म्हातारा म्हणाला.

"गॅस नाय ते, काका. ती श्वास घेते."

म्हाताऱ्यानं लगेच ढेकर आवरला.

त्या रांगेत उत्कर्षाची आई अहल्या शितोळे होती आणि तिला कोपराला धरून तिची धाकटी जाऊ पद्मा. पद्माचे यजमान जयसिंगराव जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. थोरले दीर जयवंतराव, म्हणजे अहल्येचे यजमान, कारखान्यात पाळीवर जात. घरात स्वयंपाकघर एक आणि तिथला हात पद्माचा. अहल्येला पोट साफ न होण्याचा त्रास फार जुना. ज्या दिवशी होई तो दिवस सणाचा. दुकानातल्या गोळ्या झाल्या, चाटणं झाली, शेजारणींचे सल्ले झाले. शेवटी बापू.

बापूंनी मोरपीस फिरवलं, डोळे मिटले आणि काळ्या भस्माच्या पुड्या दिल्या. "संध्याकाळी घोटभर ताकातून घ्यायचं. वरून पानी नाय हां. पानी पिलं तर ती सुटून जाईल, हाती लागणार नाय."

दोन-तीन दिवसांनी अहल्या सकाळी संडासातून बाहेर आली ती भिंत धरत.

"पद्मा, ये. बघ."

पद्मानं पाहिलं. हातभर लांबीची काळी दोरी, मध्ये पीळ पडलेले, अंगावर खवल्यांसारख्या खुणा.  दोघींनी ती काठीनं उचलून जुन्या डब्यात घेतली आणि मांडवात नेली. मागून अर्धी पोळ, म्हणजे त्यांची गल्ली, चालत आली.

बापूंनी डब्यात पाहिलं, अहल्येकडे नाही. "घरातल्या हातानं गेली. वाढणारा हात आहे. बाईचा. कूस रिकामी आहे तिची."

आता, कोणत्या एकत्र घरात अशी एखादी बाई नसते? विधवा म्हणा, टाकलेली म्हणा, मूल न झालेली म्हणा. बापूंना नाव माहीत असण्याची गरजच नव्हती. नाव गल्लीला माहीत होतं. सगळ्यांच्या माना एकदम वळल्या, आणि पद्माला वाटलं, आपल्या मागे कुणी उभं असावं. तिनंही वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

अहल्या भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी पद्मा कढीला पळी लावत होती, तेव्हा अहल्येनं तिच्या हातातून पळी काढून घेतली.

"राहू दे. आजपासून मी करीन."

तेवढंच. मग तिनं ती कढी मोरीत ओतली.

पद्माची एक अडचण होती, जी तिनं कुणाला सांगितली नाही. तिला आळ खोटा वाटत नव्हता. उत्कर्षाच्या हळदीला सगळ्या बायका बाहेर होत्या आणि ती विधवा म्हणून आत, परातीत कणीक मळत बसली होती. बाहेरून हसण्याचा आवाज आला तेव्हा तिच्या मनात काहीतरी टोचून गेलं होतं. वहिनींना सगळंच कसं मिळालं. क्षणभरच. पण ते क्षणभर हात कणकेत होता. आणि त्या कणकेच्या पोळ्या अहल्येनं खाल्ल्या होत्या.

त्या दिवसापासून तिचा उजवा हात तिला परका झाला. तो ती पदरात गुंडाळून ठेवी. डाव्या हातानं पाणी पिई. भर दुपारी, घरात कुणी नसताना, स्वयंपाकघरात कणीक मळल्याचा थप-थप आवाज येई. ती दारापर्यंत जाई, परात भिंतीला उभी असे, कोरडी. आवाज थांबलेला असे आणि हाताच्या बोटांना ओलं पीठ लागल्यासारखं वाटे. ती मोरीवर जाऊन हात धुई. पुन्हा धुई. कातडी सोलवटली तरी बोटांमधलं ते पीठ जाईना. गल्लीतली पोरं अंगणात खेळत, ती बाहेर आली की आया नावं घेऊन त्यांना आत बोलावत. पूर्वी त्याच पोरांना ती घासातला घास भरवायची.

इकडे अहल्येची पुडी सुरूच होती. बापू म्हणाले होते, शेपूट आली, मूळ राहिलं. दुसऱ्यांदा पुन्हा दोरी पडली. तिसऱ्यांदा काहीच पडलं नाही. पोट फुगून टणक झालं, तरी ती पाणी घेईना.

"वहिनी, घोटभर घ्या ने," पद्मा दारातून म्हणाली.

"तुझ्या हातचं?"

पद्मा दारातूनच परतली आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या दत्तात्रेय मास्तरांकडे गेली. मास्तर निवृत्त, आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. बायको गेल्यापासून स्टोव्हवर स्वतःचं स्वतः रांधत.

"सर, एक विचारायचं होतं," ती उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली. "हात तोडला तर जातं का ते, की अंगात उतरतं?"

मास्तर हसणार होते. तिच्या हाताकडे पाहून हसले नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुडी आहे एखादी?"

अहल्येच्या पुड्यांतली एक तिच्या कनवटीला होती. मास्तरांनी तिच्यासमोरच ती ताकात कालवली आणि पिऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तिला निरोप पाठवला. परसात जुन्या घमेल्यात काळी दोरी पडली होती. खवल्यांसकट.

"बघा पद्माबाई. माझ्याही पोटात करणी. आता मला सांगा, मी कुणाच्या घरचं खात नाही. पीठ माझं, स्टोव्ह माझा, वाढणाराही मीच. मला कुणी घातली?"

पद्मा घमेल्याजवळ वाकली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "गेल्या संक्रांतीला मी तुम्हाला तिळगूळ दिला होता."

मास्तर आयुष्यात खूप मठ्ठ मुलांना शिकवून बसले होते, पण असं उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं. त्यांच्या ध्यानात आलं की ही बाई मठ्ठ नाही. ही आतून पोखरली गेली आहे, आणि युक्तिवादाची पुडी हिला पुरणार नाही. ते आत गेले, सायकलची एक फाटकी ट्यूब घेऊन आले, तिचा वीतभर तुकडा कापला आणि एक टोक सुतळीनं बांधलं. घरी राहिलेल्या पुड्यांपैकी आणखी दोन त्यांनी तिला आणायला लावल्या. भस्म कोमट पाण्यात कालवून ट्यूबमध्ये ओतलं, दुसरं टोक बांधलं आणि ट्यूब उन्हात खुंटीला टांगली.

"उद्या या. आणि हिला हात लावू नका, नाहीतर म्हणाल माझ्यामुळेच झालं."

उरलेलं चिमूटभर त्यांनी काचेच्या ग्लासात पाण्यावर टाकलं. पद्मा बघत होती. काळा गाळ हळूहळू तळाला बसला. वर पारदर्शक, बुळबुळीत काहीतरी फुगत फुगत ग्लासभर झालं.

"ओळखलंत?"

"इसबगोल," ती म्हणाली. उत्तर गुजरातेत ज्याची शेतंच्या शेतं उभी असतात, ते तिला न ओळखायला काय झालं.

"इसबगोलाची भुशी, खाली फुगणारी माती, काळेपणाला कोळसा. आणि पोट ढवळून निघावं म्हणून सोनामुखीचा पाला. चव ओळखली मी, रात्रभर त्यानंच कळा दिल्या. आतड्यात हे फुगतं, आतड्याच्या घड्यांचा छाप घेतं आणि त्याच आकारानं बाहेर पडतं. खवले ते. पुडी घेतली की करणी येते, कारण करणी पुडीतच असते."

"मग वहिनींना इतकी वर्षं त्रास कशाचा?"

मास्तरांनी विचारलं, घरात खाता काय? पद्मानं सांगितलं. पगार वाढल्यावर बाजरी बंद झाली, ती गरिबीची म्हणून. गव्हाचं पीठ बारीक चाळणीनं दोनदा चाळायचं, अहल्येला पांढरीशुभ्र पोळी लागते. सकाळी पाव-खारी, दुपारी फाफडा. भाजी नावाला. कोंडा गाईला.

"म्हणून गाय ठणठणीत आहे," मास्तर म्हणाले. "धान्याचा कोंडा, भाज्या, डाळी, कांदा, लसूण, केळं, यांत जो चोथा असतो ना, त्यातला पुष्कळसा आपल्याला पचत नाही. तो तसाच खाली मोठ्या आतड्यात जातो. तिथं कोट्यवधी सूक्ष्म जंतू राहतात. वाईट नव्हेत, आपलेच. काही प्रकारचा चोथा हेच त्यांचं जेवण. ते जेवले की आतड्याला पोसतील अशी द्रव्यं तयार करतात. उरलेला चोथा पाणी धरून मळ मऊ ठेवतो. तुमच्या घरात माणसं जेवली आणि हे उपाशी राहिले. इसबगोलसुद्धा वाईट नाही. भरपूर पाण्याबरोबर घेतलं तर औषधच आहे. पाण्यावाचून घेतलं तर..." ते थांबले. "पाणी पीत नाहीत म्हणालात ना त्या?"

मास्तर तसेच चप्पल घालून शितोळ्यांच्या घरी गेले. जयवंतरावांना म्हणाले, आत्ताच्या आत्ता रिक्षा बोलवा. जयवंतराव म्हणाले, बापूंनी उद्या सकाळी मूळ पडेल म्हणून सांगितलंय, एक दिवस पाहू. अहल्येनं आतून सांगितलं, "त्यांना पाठवलंय कुणी ते ठाऊक आहे मला."

सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, तेव्हा जयवंतरावांनी रिक्षा बोलावली.

त्याच सकाळी मास्तरांनी पद्मादेखत ट्यूब चिरली. आतून काळी, पीळदार, लवलवती करणी सरकून घमेल्यात पडली. बरणीतल्यांचीच बहीण.

"या सायकलला कुणी तिळगूळ दिला होता, पद्माबाई?"

पद्मा हसली नाही. तिनं पदर सोडला, सोलवटलेला उजवा हात बाहेर काढला आणि ती दोरी स्वतः उचलली. ताटात घेऊन ती मास्तरांबरोबर मांडवात गेली, बरण्यांच्या ओळीत ताट ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही सायकलच्या ट्यूबमधून निघाली."

बापूंनी डोळे उघडले. "सायकल कुनाची? मालकाची करनी सायकलमधी उतरली."

"ठीक आहे," मास्तर म्हणाले. "मग तुमच्या मोटारीची ट्यूब द्या. तुमचंच भस्म, तुमच्याच हातानं भरा. आम्ही उद्यापर्यंत बसतो इथं."

बापूंनी डोळे मिटले. "बापू आज बोलत नाहीत," असं त्यांचा चेला म्हणाला. मागून कुणी म्हणालं, "काल तर गॅसशी पण बोलत होते." काही लोक हसले. काही हसले नाहीत. ते आपल्या घरच्या वाढणाऱ्या बाईचा विचार करत होते. दुसऱ्या दिवशी मैदानात फक्त खुंट्यांची भोकं राहिली.

पद्मा मांडवातून थेट इस्पितळात गेली. डॉक्टरीण मोहनाबाई जयवंतरावांना समजावून सांगत होत्या: आतडं पूर्ण बंद झालंय, आत विटेसारखा गोळा आहे, आतडं फाटलंही असेल, शस्त्रक्रिया लगेच करतो, पण खूप उशीर केलात.

पद्मा खाटेजवळ बसली. ट्यूबची, ग्लासची, मास्तरांची, सगळी हकीकत तिनं सांगितली. अहल्या शुद्धीवर होती. तिनं नीट ऐकलं.

"म्हणजे माझ्यातून निघालं ते इसबगोल?"

"इसबगोल आणि माती, वहिनी."

"तू नव्हतीस."

"नव्हते."

अहल्येनं डोळे मिटून मान हलवली. पटलं होतं तिला. मग म्हणाली, "घसा कोरडा पडलाय." प्यायला काही द्यायचं नव्हतं, नर्सनं ओल्या कापसानं ओठ भिजवायची परवानगी दिली. पद्मानं कापूस भिजवला आणि हात पुढे केला. अहल्येनं तिच्याकडे मायेनं पाहिलं. पण हात तोंडाजवळ आला तसे तिचे ओठ घट्ट मिटले. तिनं ते उघडायचा प्रयत्न केला, डोळ्यांत पाणी आलं, तरी ओठ उघडले नाहीत. डोक्याला पटलं होतं, ओठांना पटलं नव्हतं. शेवटी नर्सनं पद्माच्या हातातून कापूस घेतला.

बापू जातो तेव्हा सगळं घेऊन जात नाही. म्हणून तो येतो तेव्हाच विचारायला हवं. भस्मात काय आहे ते विचारा. पाणी पिऊ नका का म्हणतो ते विचारा. हेच एखाद्या रबराच्या नळीला दिलं तर काय होईल, ते घरी करून बघा. पीठ कोंड्यासकट खा, भाजी-डाळ भरपूर खा, पाणी प्या, आणि पोट तरीही अडलं तर डॉक्टरकडे जा, त्याच दिवशी. आणि जो माणूस तुमच्या दुखण्यासाठी तुमच्याच घरातल्या बाईकडे बोट दाखवेल, त्याचं पुढचं एक वाक्यही ऐकू नका.

अहल्या जयवंतराव शितोळे मंगळवारी, १९ डिसेंबर १९९५ रोजी दुपारी, शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर न येता वारली.