फळ्यावरचा पीटर

बाबा गेले त्या रविवारनंतर, गुरुवारी जलदानविधी झाला आणि शुक्रवारी सकाळी कृष्णकांतसेठ घरी आले. सदर भागातल्या त्यांच्या बारमध्ये बाबांनी बारा वर्षं स्वयंपाकघर सांभाळलं. इतर ठिकाणी बिअरबरोबर शेंगदाणे मिळत; बाबांनी सँडविच आणलं. जवसाच्या चटणीवर भाजलेलं वांगं, अंबाडीत शिजवलेली कलेजी. दर शनिवारी काहीतरी नवं. धंतोलीतले डॉक्टर गाड्या काढून यायचे.

दाराशी फळा असे: 'गोव्याच्या पीटरचं आजचं सँडविच.' पीटर हे नाव सेठजींनी मनाने रचलेलं. खरा आचारी कोण हे कळलं तर ताटं परत येतील, असं ते म्हणत. छप्पन साली दीक्षाभूमीवर उभे राहिलेले माझे वडील मागच्या दाराने ये-जा करत. "खाऊन राहिले ना लोक? खाऊ दे," म्हणत. फळा मात्र मी लिहायची, दहावीपासून. अक्षर चांगलं होतं. त्या अक्षराचा आता राग येतो.

"प्रेमिला, नव्या आचाऱ्याले चटणी जमून नाही राहिली," सेठजी म्हणाले. "तू येऊन शिकव. लोकांले सांगितलं, पीटर सुट्टीवर गेला."

"सुट्टीवर?"

त्यांनी बशीत चहा ओतला.

"येते," मी म्हणाले. "पण फळा मीच लिहिणार."

"तो तर तूच लिवत होती वं!"

शनिवारी संध्याकाळी मी पुढच्या दाराने आत गेले. नवा आचारी जवस भाजून गार होऊ द्यायचा, मग कुटायचा. बाबा कढईतून थेट खलबत्त्यात ओतत आणि चटके सोसत कुटत. त्यांच्या बोटांवरचे डाग त्याचेच. चटणी झाल्यावर मी हात धुतले आणि खडू घेतला.

'लहानू रामटेके यांचं सँडविच.'

सेठजी धावत आले. "हे काय वं? बरं, लहानू राहू दे. आडनाव पूस. आडनावाचं काय काम हाय?"

"पीटरला आडनाव लागलं नाही, कारण पीटर नव्हताच."

"लोक उठून जातील ना!"

"जाऊ द्या. नाहीतर उद्यापासून पीटरलाच बोलवा चटणी कुटायला."

दाराजवळच्या टेबलावर वामनराव वकील बसले होते. पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. त्यांनी चष्मा सरळ करून फळा वाचला. "हा लहानू कोण गा, सेठ?"



"माझे वडील," मी म्हणाले. "बारा वर्षं तुम्ही त्यांच्याच हातचं खाल्लं. रविवारी वारले."

"अन् पीटर?"

"तो फक्त फळ्यावर होता."

शेजारच्या टेबलावरचे दोघे उठले, पैसे ठेवून निघून गेले. वामनरावांपुढे अर्धं सँडविच उरलं होतं. त्यांनी ते खाल्लं नाही, ताटही सरकवलं नाही. ते म्हणाले, "माणूस मेल्याची खबर तरी द्याची होती, सेठ."

सेठजींच्या हातात ओलं फडकं होतं. मी खडू पुन्हा उचलला आणि 'रामटेके'चं एकेक अक्षर गिरवून आणखी जाड केलं.

"पुसायचं तर पुसा," मी म्हणाले. "उद्या चटणी कुटायला येईन तेव्हा परत लिहीन."